कल्हई केलेलं रिव्हॉल्व्हर

गुलमंडीजवळच्या आमच्या बंदुकांच्या दुकानात जुनी रिव्हॉल्व्हरं मी नुसती हात फिरवून ओळखायचो. ही बढाई नाही. बढाई पुढे येईल.

एका सकाळी वैजापूरकडचे एक बागायतदार आले. त्यांनी फडकं सोडून हत्यार काचेवर ठेवलं आणि भर दिवसा दुकानात चांदणं पडलं!

“काय शेठ, कसं चमकायलंय?”

मुठीखाली दोरीसाठी कडी, मधून दुमडून उघडणारा सांगाडा. अस्सल विलायती, निजामाच्या जमान्यात कुणा फौजी अंमलदाराच्या कमरेला मिरवलेलं. पण ही चांदी कुठून आली?

“दसऱ्याला पूजेत मांडायचं होतं. कल्हईवाला दारात आलताच, पातेल्यासंगं हे बी देलं.”

मी खुर्चीत बसलो. कल्हई म्हणजे भट्टी, भाता, लाल आच. पोलादाला दिलेलं पाणी, म्हणजे त्याचा सगळा कणखरपणा, उतरलेला. आता बार काढला, तर हाताच्या चिंधड्या.

“ह्याची किंमत मागून सांगा. आधी काडतुसं द्या,” ते म्हणाले. “परवा पोरीचं लग्न हाय. नवरदेव दारात आला की बार उडवायचाय. माझ्या बहिणीच्या लग्नात आमच्या वडलांनी उडवला होता.”

“उडवू नका, फुटेल.”

“माझ्या बापाचं हत्यार फुटंल? आता तर उडवूनच दावतो!”

मी उठलो, दार लोटलं, आवाज खाली आणला. “मालक, असा नग अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नाही. अनमोल आहे! पण एक बार उडाला, की मातीमोल.”

त्यांनी ते तान्ह्या बाळासारखं गुंडाळलं. काडतुसांचं नावही काढलं नाही. लग्नात फटाक्यांची माळ लागली.

आठवड्यानं ते परत आले. मागोमाग त्यांचा धाकटा भाऊ, तावातावानं. घरात केवढं घबाड आहे, हे थोरल्यांनी भर मांडवात पाहुण्यांना सांगून टाकलं होतं.

“शेठ, वडिलार्जित हाय,” धाकटा म्हणाला. “माझा अर्धा वाटा किती व्हतो, तेवढं बोला.”

नवरी सासरी पोचली होती, बापाचा हात शाबूत होता. मी खरं ते सांगून टाकलं, भट्टीपासून पाण्यापर्यंत. “मोल फक्त भंगाराचं,” म्हणालो.

थोरले माझ्याकडे बघत राहिले. मग स्वतःच्या उजव्या पंजाकडे. मग मिशीत हसले आणि हत्यार धाकट्यापुढे सरकवलं.

“अर्धं कशाला रे? घे, सगळंच घे!”