भाऊजींची घरातली शाळा

आमच्या भाऊजींइतका हट्टानं बरोबर असणारा माणूस अख्ख्या भोपाळात दुसरा नाही, हे मी कुणाहीसमोर सांगायला तयार आहे. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. आनंद नगरला आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहतात आणि मंडीदीपच्या एका कारखान्यात यंत्रांची दुरुस्ती बघतात. पण खरी दुरुस्ती त्यांनी जगाची आरंभलेली आहे. रस्त्यावरची कुठलीही पाटी मोठ्यानं वाचून तिचं शुद्धलेखन सुधारल्याशिवाय त्यांची स्कूटर पुढे सरकत नाही. रायसेन रोडवरच्या एका दूधवाल्यानं ‘शुद्ध’ शब्द चुकीचा लिहिला होता. दोनदा सांगूनही तो ऐकेना, तेव्हा भाऊजी स्वतः रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन गेले. दूधवाला आजही त्यांना पाहिलं की आत जातो. लग्नात मुहूर्त टळला तर अक्षता खिशात टाकून हे घरी येतात. “वेळ गेल्यावर टाकायच्या कशाला?” असं त्यांनी खुद्द माझ्या भावाच्या लग्नात विचारलं होतं, आणि तेही नवरीच्या वडिलांना.

अशा माणसानं एकुलत्या एक मुलीला, सईला, सरकारी शाळेत घातलं, तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. कॉलनीतली बाकी सगळी पोरं टाय लावून पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत जायची. भाऊजींचं म्हणणं असं, की आपण सरकारी शाळेत शिकलो, आपलं काय वाईट झालं? चांगल्या घरच्यांनीच पाठ फिरवली तर त्या शाळा सुधारायच्या कशा? माझी जाऊ एका सरकारी कार्यालयात नोकरी करते, नागपूरकडची, मोजकं बोलणारी. सई शाळेत खुशीत होती. संध्याकाळी जिन्यात बसून हिंदीचे धडेच्या धडे घडाघडा म्हणायची, आणि भाऊजी वरच्या पायरीवर उभे राहून, जणू स्वतःचाच सत्कार चालला आहे अशा चेहऱ्यानं ऐकायचे.

सई चौथीत असताना एकदा स्कूटरवर मागे बसली होती. भाऊजींनी सिग्नलला एका पाटीकडे बोट करून वाचायला सांगितलं. पाटीवर दाताचं चित्र होतं. “दाँत का डॉक्टर,” सई म्हणाली. लिहिलं होतं ‘दंत चिकित्सालय’. पुढच्या पाटीवर चित्र नव्हतं, आणि सई काहीच बोलली नाही. घरी आल्यावर भाऊजींनी तिच्यासमोर पुस्तक उघडलं. ती वाचू लागली, नेहमीसारखी, एका दमात. मध्येच त्यांनी हळूच पान उलटलं. सई आधीच्याच पानावरचं म्हणत राहिली. मी तेव्हा भाजी द्यायला वर गेले होते. त्या माणसाचा चेहरा असा उतरलेला मी माझे सासरे गेले तेव्हाही पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते शाळेत जाऊन भांडले. पण भांडायला समोर माणूस तरी तसा हवा. बाई थकलेल्या होत्या, चांगल्या होत्या. “भाई साहब, पाँच कक्षाएँ हैं और मैं अकेली,” त्या म्हणाल्या. “आपकी बच्ची तो सबसे होशियार है, पूरी किताब याद है उसे.” भाऊजी परतले ते सईचा दाखला घेऊनच. “आता मी शिकवणार, घरी,” म्हणाले. जावेनं विचारलं, अक्षरं तुम्ही शिकवाल हो, पण तिच्या मैत्रिणी कुठून आणणार? उत्तर म्हणून त्यांनी वेळापत्रक केलं.

सकाळ मोकळी मिळावी म्हणून त्यांनी कायमची दुपारची पाळी मागून घेतली आणि सुपरवायझर होण्याची संधी सोडली. बाहेरच्या खोलीत फळा लागला. रोज सकाळी भाऊजी इस्त्रीचा शर्ट आणि बूट घालून, पितळी थाळीवर उलथनं वाजवून घंटा द्यायचे. मग प्रार्थना. मग हजेरी. पटावर एकच नाव, तरी ते खड्या आवाजात पुकारायचे आणि समोर हातभर अंतरावर बसलेली सई “उपस्थित” म्हणायची. मधल्या सुट्टीत दोघं समोरासमोर डबे उघडून बसायची. आम्ही खाली हसून हसून बेजार व्हायचो. हळूहळू हसणं थांबलं, कारण वरचा आवाज बदलत गेला होता. एकच अक्षर दहा दहा वेळा ऐकू यायचं. काल आलेलं आज पुसलेलं असायचं. गणितं तोंडी झटपट सोडवणारी, ऐकलेलं सगळं लक्षात ठेवणारी ही पोर ‘घर’ शब्दासमोर घामाघूम व्हायची. एवढे दिवस दोष शाळेला देता येत होता. आता शाळा भाऊजीच होते.

एका सकाळी त्यांनी फळ्यावर खडू आपटला आणि जन्मात पहिल्यांदा तिच्यावर ओरडले. मी धावत वर गेले. सई रडत नव्हती. शांतपणे, जणू बापालाच समजावत असल्यासारखी ती म्हणाली, “बाबा, मी परत शाळेत जाते ना. तिथे कोणी पूछत नाही.”

भाऊजी त्या दिवशी कामावर गेले नाहीत. तसेच बूट घालून दुपारभर गॅलरीत बसून राहिले.

पुढचं जावेनं हातात घेतलं. सईला डॉक्टरांकडे नेलं. तिथे कळलं, की काही हुशार मुलांनाही अक्षरं ओळखीची व्हायला फार वेळ लागतो, आणि हे पहिलीतच कुणाच्या लक्षात आलं असतं तर सोपं गेलं असतं. मिसरोदला अशा मुलांना शिकवणाऱ्या एक बाई आहेत. भाऊजी तिला आठवड्यातून दोनदा तिथे नेतात आणि स्वतःही मागे बसून शिकतात. बाकीचे दिवस शाळा घरीच. घंटा, हजेरी सगळं गेलं. सईच्या वर्गातल्या मुली सहावीला गेल्या. कधी जिन्यात भेटल्या तर काय बोलावं ते दोन्हीकडे सुचत नाही.

“वहिनी, मला आधीच दिसायला हवं होतं ना?” असं त्यांनी मला एकदा विचारलं. मी चहा गाळत होते, गाळतच राहिले.

परवा वर गेले तेव्हा सई वाचत होती. एका शब्दाशी अडली. भाऊजी शेजारी बसलेले, दोन्ही तळहात मांडीखाली दाबून. शब्द त्यांच्या ओठांवर आलेला मला स्पष्ट दिसत होता. बाहेरून भंगारवाला ओरडत गेला, कुकरची शिट्टी झाली, तरी ते बोलले नाहीत. सईचं बोट त्या अक्षराखाली तसंच थांबलं होतं. मी दार हळूच ओढून घेतलं आणि खाली आले.