‘एबल’ लावण्याआधी

“‘एबल’ लावलंस? म्हणजे शब्द दिलास.” असं म्हणत बाई इंग्रजी शब्दाच्या शेपटावर बोट ठेवायच्या, चष्मा कपाळावर सरकवायच्या, आणि आपला कागद आपल्याच हातात परत यायचा.

दोन हजार चार-पाचच्या सुमारास न्युरेम्बर्गला, रुग्णालयांची उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत आम्ही एकत्र होतो. मी नवखा इंजिनिअर. बाई जर्मन माहितीपत्रकांचं इंग्रजी करायच्या. आधी सांगलीला शाळेत शिकवायच्या, म्हणून आम्हा मराठी मंडळींच्या त्या बाई. ते आडनावच समजून जर्मन लोक त्यांना ‘फ्राऊ बाई’, म्हणजे ‘श्रीमती बाई’, म्हणत.

एका शब्दावर अडून बसणारं असं माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. आपण त्याला टाळतो. मीही टाळायचो.

एकदा बाई रजेवर असताना सलाईनच्या पंपाचं पत्रक माझ्याकडे आलं. मूळ जर्मनमध्ये होतं, ‘पुसता येतो’. मी घाईत लिहिलं, ‘वॉशेबल’, म्हणजे धुता येतो. पत्रकं छापूनही आली. दोन दिवसांवर प्रदर्शन होतं.

बाई परतल्या, पत्रक वाचलं आणि नमुन्याचा पंप उचलून थेट विभागप्रमुखांकडे गेल्या. मागोमाग मी.

“एका शब्दासाठी सगळं पुन्हा छापायचं?” ते वैतागले. “पुसलं काय, धुतलं काय!”

“हो का? मग धुऊनच बघू,” बाई म्हणाल्या.

बाईंनी पॅन्ट्रीत जाऊन चालू पंप नळाखाली धरला. पडद्यावरचे आकडे थरथरले आणि विझले.

“‘एबल’ म्हणजे बिनधोक करता येतं,” त्या म्हणाल्या. “नर्स विश्वासाने धुणार, आणि हाच पंप पेशंटला लावणार.”

मागोमाग आलेल्या प्रमुखांनी बंद पडलेला पंप हातात घेतला. मग म्हणाले, “इंग्रजी कोणाचं?”



“इंग्रजीची जबाबदारी माझी,” बाई म्हणाल्या.

पत्रकं रद्द झाली. बाहेर आल्यावर मी काही बोलणार, तोच त्यांनी कोरा कागद पुढे केला. “लिही. सोपं लिही.”

मी लिहिलं : ओल्या फडक्याने पुसा. पाण्याखाली धरू नका.

दोन वर्षांनी सासूबाईंच्या आजारपणामुळे बाई सांगलीला परतल्या. पुढे आयर्लंडच्या एका रुग्णालयात मी पंप दाखवायला गेलो. तिथल्या नर्सने सूचनेवर बोट ठेवून ती वाचली, फडकं घट्ट पिळलं आणि पंप पुसून घेतला.

“किती स्पष्ट लिहिलंय! तुम्ही लिहिलंत?”

“आमच्या बाईंनी,” मी म्हणालो, आणि नकळत ताठ उभा राहिलो.