तिवरांसाठी टँकर

आमच्या आईच्या नखांतला चिखल कधी निघायचाच नाही. माझ्या लग्नात बांगड्या भरताना कासारानेही तिचे हात बघून तोंड वाकडं केलं होतं. काल्हेरच्या मागे, खाडीला लागून तिवरांचं रान आहे. त्यात शिरून लोखंडी आकड्याने बिळातली चिंबोरी ओढायची, हे तिचं जन्मभराचं काम. त्यावर आम्ही भावंडं वाढलो. आता त्या झाडांना कांदळवन म्हणतात आणि त्यांच्यावर भाषणं होतात.

तिवरांत जायचं म्हणजे मनाला येईल तसं नव्हतं. अंडी धरलेली चिंबोरी कोणाच्या टोपलीत दिसली तर गावकी चारचौघांत लाज काढायची. आणि पावसाळ्याआधी एक दिवस घरटी एक माणूस चिखलात उतरायचा. खाडीतून तिवरांच्या पोटात एक नाळ जायची, भरतीचं पाणी तिच्यातूनच आत खेळायचं. तिच्यात साचलेला गाळ सगळ्यांनी मिळून उपसायचा. येत नाही म्हणायची कोणाची टाप नव्हती. आमच्या घरातून कायम आईच जायची, बाप धडधाकट असतानाही.

मग गोदामं वाढत वाढत खाडीपर्यंत आली आणि एके दिवशी तिवरांच्या तोंडाशी सरकारी पाटी लागली. संरक्षित क्षेत्र, प्रवेश बंद. आई नारळ घेऊन गेली, पाटीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि येताना शेजारणींना खोबरं वाटत आली. "आता आपला तिवर वाचला," म्हणाली. मी हसले, पण मलाही बरं वाटलं होतं.

पुढच्या पावसाळ्याआधी गावकीची माणसं घमेली-फावडी घेऊन गेली, तर रखवालदाराने त्यांना पाटीपाशीच अडवलं. गाळ काढणं गुन्हा आहे म्हणाला. आईचा आकडा आणि टोपलीही ठेवून घेतली.

"आमी काय झाडा तोडाला आलो काय?" आईने विचारलं.

"नियम सगळ्यांना सारखा आहे, मावशी."

सारखा! पलीकडच्या अंगाला ना पाटी होती ना रखवालदार. तिथे डंपर येत राहिले आणि त्यांचा भराव बरोबर नाळेच्या तोंडावर पडला.

नाळ बुजली. तिवरं उभी वाळली. कारण शोधायला बाहेरून माणसं आली, फोटो काढले, बाटल्यांत माती भरून नेली. गावात एकाला विचारलं नाही. पाटी लागली नसती तर आज तिथे गोदामाचे पत्रे असते, हे मला कळतं. मी स्वतः वळ गावच्या गोदामात पॅकिंगला जाते, जमीन कशी गिळली जाते ते रोज बघते. पण जपणाऱ्यांनाच चोर ठरवून जपायचं, ही कुठली अक्कल? अजून आठवलं की डोकं फिरतं.

यंदा पाटी लावणाऱ्या सरकारी खात्यानेच तिथे वृक्षारोपण ठेवलं. स्थानिक महिला हवी म्हणून आईला बोलावणं आलं. मी शिफ्ट बदलून तिला घेऊन गेले. मांडव होता, सतरंजी होती, माईक होता. साहेबांनी तिच्या हातात तिवराचं रोप दिलं. आईने भेगाळलेल्या जमिनीकडे बघितलं.

"सायेब, हितं पानी कवा येनार?"

"काळजी नको मावशी, टँकर सांगितलाय."

आणि टँकर आला की हो! आईने पाइपाखाली ओंजळ धरून पाणी चाखलं. "ह्यो तं गोडा पानी हाय," ती मला हळूच म्हणाली. खाऱ्या पाण्यावर जगणारं झाड, हाकेच्या अंतरावर खाडी, आणि पाणी बोअरिंगचं. मी बोलायला तोंड उघडलं, तर तिने माझा दंड दाबला. लोक बघत होते. तिने खाली बसून रोप लावलं, टाळ्या झाल्या, फोटो झाला.

घरी आल्यावर सवयीने ती मोरीत गेली, नखं घासायची काथ्याची शेंडी घेतली आणि तशीच थांबली. नखांत काहीच नव्हतं. तळहातांवर जरा धूळ होती, ती तिने पदराला पुसली.