गोबरगॅसला घातलेलं खत

लग्न होऊन बेलवलीला आले तेव्हा माझ्याकडे सूक्ष्मजीवशास्त्राची एम.एस्सी. होती आणि सासूबाईंकडे गोबरगॅस. दोघींनाही आपापल्या दौलतीचा गर्व होता. त्यांची निदान कामाची तरी होती. आयुष्यभर चुलीच्या धुराने डोळे चोळलेली बाई ती. शेजारणींना बोलावून शेगडीची निळी ज्योत दाखवायची.

मलाही काहीतरी करून दाखवायची खाज. शेणातले जिवाणू जरा पोसावेत म्हणून भाताच्या खतातलं अर्धं पोतं नायट्रेट मी गुपचूप खड्ड्यात ओतलं.

तीन दिवसांनी खड्ड्यावरची तरंगती टाकी गॅसने चांगली वर चढली, पण शेगडी काही पेटेना. वायू येत होता, जळत नव्हता. तेव्हा कुठे मला परीक्षेत पाठ करून लिहिलेलं उत्तर आठवलं. अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन जिवाणूंना कुणाच्या तरी ओटीत घालावेच लागतात. हवा असली तर ऑक्सिजनच्या. ती नसेल तर नायट्रेटच्या, मग सल्फेटच्या, आणि कुणीच उरलं नाही तर कार्बन डायऑक्साइडच्या. त्या शेवटच्या व्यवहारातून मिथेन होतो, म्हणजे आमचा गॅस. नायट्रेटमध्ये फायदा जास्त, त्यामुळे ते वापरणाऱ्यांची चंगळ झाली आणि मिथेनवाले उपाशी बसले. टाकीत भरला होता तो बहुतेक नायट्रोजन. त्यावर चहा होत नाही.

शेजारीण म्हणाली, "नवी म्हैस लाभली नाही तुम्हाला." म्हैस आठवड्यापूर्वीच घेतलेली. सासूबाईंना ते पटलं. "उद्याच व्यापाऱ्याकडे नेऊन सोड तिला," त्यांनी माझ्या नवऱ्याला फर्मावलं. म्हैस बिचारी रवंथ करत होती. गप्प बसले असते तर माझी अब्रू वाचली असती, आणि खरं सांगते, अर्धा दिवस मी गप्प बसलेही.

संध्याकाळी सासूबाई चूल पेटवत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला ते बघवेना.

"आई, म्हशीची चूक नाही, माझी आहे," म्हणून मी सगळं सांगितलं.

"परत येईल गॅस?"

"नायट्रेट संपलं की येईल. किती दिवसांनी, ते नाही सांगता येत."

त्यांनी फुंकणी उचलली आणि पुन्हा चूल फुंकायला लागल्या. मला रात्रभर लाज वाटत राहिली.

सकाळी शेजारणीने विचारलं, "नेली का म्हैस?"

"कशाला? म्हशीला काय कळतंय त्यातलं? आमची सून एम.एस्सी. आहे, तिनं बंद केलाय," सासूबाई म्हणाल्या. "तीच चालू करील." आणि फुंकणी माझ्या हातात दिली.