मान सैल सोडा

मंगळवारी सकाळी तो मुद्दाम चहा प्यायला. वर दोन बिस्किटंही खाल्ली.

रात्री बारानंतर पोटात पाण्याचा थेंबही जाता कामा नये, असं सिस्टरने आदल्या दिवशी तीनदा बजावलं होतं. तिन्ही वेळा त्याने मान डोलावली होती. सकाळी सहाला उठला, उजवा हात गळ्यातल्या झोळीत नीट बसवला, जिना उतरून कँटीनमध्ये गेला आणि उभ्या उभ्या चहा मागितला.

आठला सिस्टर आली.

"काही खाल्लंबिल्लं नाहीत ना?"

"खाल्लं की," तो म्हणाला. इतक्या उत्साहाने, की शेजारच्या खाटेवरच्या माणसाने पेपर खाली केला.

ऑपरेशन त्या दिवसापुरतं रद्द झालं.

बायको दहाला आली. ती शाळेत क्लार्क होती, अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. तिने पर्स खाटेवर ठेवली आणि त्याच्याकडे नुसतं बघितलं.

"विसरलात?"

"विसरलो."

"तीस वर्षं बघतेय. दुकानात चहा आला तरी हातातलं डोकं संपेपर्यंत कपाला हात लावत नाही तुम्ही. आणि आज सहा वाजता तहान लागली?"

"माणूस आहे. लागते."

"बिस्किटं कसली होती?"

"साधी."

"साधी! अहो, अख्खं ऑपरेशन बुडवलंत, निदान क्रीमची तरी खायची."

तो हसला नाही. डाव्या हाताचा अंगठा चादरीखाली हलत होता. मिटायचा, उघडायचा. मिटायचा, उघडायचा.

तो केस कापायचा. दोन खुर्च्यांचं दुकान. एका खुर्चीवर गिऱ्हाईक, दुसरीवर वाट बघणारा. कात्री केसांपर्यंत पोचायच्या आधीच त्याच्या हातात हवेत चालू व्हायची, आणि दोन बटांच्या मध्येही थांबायची नाही. कचकच, कचकच. त्यावरून गल्लीतले लोक त्याला कचकच म्हणत. तोंडावर म्हणत, त्यालाही ते आवडायचं. आता उजवं मनगट मोडलं होतं, त्यामुळे ती चाळवाचाळव डाव्या हाताने उचलली होती. तिला कात्री नव्हती एवढंच.

दुपारी सर्जनबाई आल्या. कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी एक्सरे खिडकीकडे धरला.

"आज नववा दिवस. हाड तुमच्या चहासाठी थांबणार नाही. ते आपलं आपलं वाकडं जुळायला लागलंय. गुरुवारी सकाळी करू. तेव्हाही काही खाल्लंत, तर पुढे मला ते नव्याने मोडून बसवावं लागेल."

"आणि बोटं?"

"गुरुवारी झालं तर चालतील. उशीर केलात तर मी शब्द देत नाही."

कात्रीत फक्त अंगठा हलतो. बाकीचा हात नुसता धरून असतो. बघणाऱ्याला वाटतं सगळा पंजा चालतोय. तसं नसतं. तो अंगठा गेला की दुकान गेलं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

तरी तो चहा प्यायला होता. कारण वेगळं होतं, आणि ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

त्याची छाती सिगारेटींनी भरलेली. म्हणून पूर्ण भूल द्यायची नाही, फक्त हात बधिर करायचा, असं ठरलं होतं. त्यासाठी इंजेक्शन द्यायचं ते हातात नाही. गळपट्टीच्या हाडाच्या वर, मानेच्या मुळाशी. त्या वेळी अजिबात हलायचं नाही.

मानेशी.

माना त्याला ठाऊक होत्या. तीस वर्षं तो लोकांच्या मानेवर वस्तरा चालवत होता. भली भली माणसं खुर्चीत बसली की त्यांची मान फळीसारखी ताठ व्हायची. पातं टेकलं की दचकायची. तीस वर्षांत त्याच्या हातून तीन जण कापले गेले होते. तिघांचेही चेहरे त्याला आठवत. तिघेही हलले होते. आणि आपणही हलणार, याबद्दल त्याला शंका नव्हती. तो कधीच स्थिर बसला नव्हता. लग्नाच्या फोटोतसुद्धा त्याचा चेहरा हललेला होता.

गिऱ्हाइकांसाठी त्याच्याकडे एक युक्ती होती. पातं कंठाजवळ आलं की तो काहीतरी विचारायचा. मुलगा काय करतो सध्या? घराचं काम कुठवर आलं? गिऱ्हाईक उत्तर द्यायला लागलं की मान आपोआप सैल सुटायची. मग तो काम उरकायचा. उत्तर तो ऐकायचा नाही. कानाने ऐकायला लागलं की हात चुकतो. मध्येच "अरे वा, छान" म्हणायचं, की माणूस पुढे बोलतो. एकदा एका म्हाताऱ्याने सांगितलं की मोठा भाऊ परवा गेला. हा म्हणाला, "अरे वा, छान." म्हातारा आरशातून बघत राहिला. दाढी मात्र सुरेख झाली होती.

विनोद मात्र तो कधी करायचा नाही. वस्तरा हातात असताना तर नाहीच. हसलं की मान हलते.

बुधवारभर तो वॉर्डात फिरत राहिला. खिडकीपर्यंत जायचा, परत यायचा. पाण्याचा जग उचलून बघायचा, ठेवायचा. घड्याळाखाली उभा राहायचा आणि घड्याळाकडे बघायचं विसरायचा. शेजारच्या खाटेवरचा माणूस शेवटी म्हणाला, "अहो, बसा की. तुम्हाला बघून मलाच चक्कर यायला लागली."

संध्याकाळी ड्रॉइंग मास्तर भेटायला आले.

हे निवृत्त मास्तर त्याचं एकोणीस वर्षांचं गिऱ्हाईक. दर तिसऱ्या रविवारी यायचे. आज आले ते उकाड्यातही गळ्याला मफलर गुंडाळून.

"सर्दी झालीय," विचारायच्या आधीच ते म्हणाले.

बायको शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "तुम्ही तिथे होतात म्हणून बरं. नाहीतर यांना कुणी उचललं असतं? ते कुत्रं कसलं हो होतं?"

तो एकदम खोकला. सायकलसमोर कुत्रं आडवं आलं, असं त्याने घरी सांगितलं होतं. मास्तरांना त्यातलं काहीच माहीत नव्हतं. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"काळं," ते म्हणाले. "चांगलं दांडगं. एक कान मोडका, शेपटीचं टोक पांढरं."

एवढं तपशीलवार कुत्रं ऐकून तो थक्क झाला. मास्तरांनी मफलर आणखी वर ओढला, दोन मिनिटं हवापाण्याचं बोलले आणि उठले.

"या दिवसांत मफलर?" ते गेल्यावर बायको म्हणाली.

"सर्दी झालीय म्हणाले ना."

"हो. त्या कुत्र्यालाही झाली असेल."

कुत्रं नव्हतंच.

त्या सकाळी तो नेहमीसारखा सायकलवरून दुकानात चालला होता. पुढे फुटपाथवरून मास्तर जात होते. पाठमोरे. परवाच म्हणाले होते, बाहेरगावी चाललोय, केसांचं आल्यावर बघू. पण केस कापलेले होते. त्याच्या दुकानासमोर निघालेल्या नव्या सलूनमध्ये. काचेचं दार, थंड हवा, गाणी लावलेली असतात तिथे. मानेवरची रेघ डावीकडे सूतभर खाली उतरली होती. एकोणीस वर्षं ज्या मानेवर त्याने ही रेघ सरळ ठेवली, तिच्यावर ती वाकडी. तो बघत राहिला. सायकल पुढे गेली, मान मागे राहिली. तेवढ्यात उभ्या गाडीचं दार उघडलं.

पंजा टेकून पडला. मास्तरच धावत आले. त्यांनीच उचललं, गाडीत घातलं, दवाखान्यात आणलं. वाटेत दोघंही मानेबद्दल काही बोलले नाहीत.

गुरुवारी सकाळी त्याने काहीही खाल्लं नाही. बायको साडेपाचपासून कँटीनच्या जिन्यात स्टूल टाकून बसली होती.

सातला वॉर्डातले मामा आले. हातात एक प्लास्टिकचा स्वस्त रेझर. ऑपरेशनआधी हाताचे केस काढायचे होते. सिस्टरने हाताखालचं अर्धं प्लास्टर सोडून बाजूला ठेवलं आणि सुजलेला हात उशीवर टेकवला. मामांनी तसाच, कोरड्या हातावर, खालून वर रेझर ओढला.

"अहो मामा! कोंबडी सोलताय का?"

"रोज वीस हात करतो मी."

"आणि वीस जण रोज रडतात. पाणी आणा. साबण लावा. आता थांबा."

"किती थांबू?"

"केस मऊ होईपर्यंत. घाई असलेल्याने हा धंदा करू नये. हं. आता डाव्या हाताने कातडी ताणा. दुखरी बाजू सोडून, वर धरा. केसाच्या वाटेने न्या. दाबू नका, पातं आपल्या वजनाने चालतं. तिरकं धरा. तिरकं! आता झटका."

मामांनी रेझर पाण्यात झटकला. पुढची पट्टी स्वच्छ निघाली. दोघांनीही ती वाकून बघितली. दहा मिनिटं त्याची डावी बोटं शांत होती.

"घ्या," मामा खूश होऊन म्हणाले. "शिकलो. आता तुम्ही आराम करा. दुकान मीच चालवतो."

त्याची बोटं पुन्हा सुरू झाली.

बायकोने त्याला ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत सोडलं. म्हणाली, "हलू नका." मग जरा थांबून म्हणाली, "आणि आत कुणाचे केस बघत बसू नका."

तो चमकून मागे वळला, पण तोवर मामांनी स्ट्रेचरची गाडी आत ढकलली होती.

आत गारठा होता. छतावर मोठा दिवा. उजवा हात आडव्या फळीवर. भुलीचे डॉक्टर उजव्या बाजूला येऊन उभे राहिले. वयाने तरुण, डोक्यावर हिरवी टोपी.

"मान डावीकडे वळवा. हं. सैल सोडा."

त्याने मान वळवली. ती सैल सुटली नाही. मानेला काहीतरी थंड, बुळबुळीत लावलं गेलं. एक बोट टेकलं. थांबलं. त्या बोटाला काय लागतंय हे त्याला कळत होतं. फळीसारखी ताठ मान. आता हा काय करणार, तेही त्याला कळत होतं. थांबणार. दुकानात तोही थांबायचा. पायाचे अंगठे चादरीखाली हलायला लागले होते. आत्ता उठावं, जिना उतरावं, साधी बिस्किटं घ्यावीत.

"कसे पडलात हो सायकलवरून?" डॉक्टरांनी विचारलं.

सहज. लांबून आल्यासारखं. नजर सोनोग्राफीच्या पडद्यावर असणार, हातात सुई असणार.

तो आवाज त्याने लगेच ओळखला. तो त्याच्या दुकानातला होता. याला उत्तर नको होतं. याला मान हवी होती.

आणि जो ऐकतच नाही त्याला काय, काहीही सांगता येतं.

"कुत्रं आडवं आलं," त्याने सुरुवात केली. मग म्हणाला, "नाही. कुत्रंबित्रं नव्हतं. एक मास्तर आहेत. एकोणीस वर्षं माझ्याकडे यायचे. ते दुसरीकडे जाऊन केस कापून आले. वाईट कापले होते हो. रेघ वाकडी. मी बघत राहिलो. आणि मला काय वाटलं सांगू? राग नाही आला. वाटलं, यांना ही वाकडी रेघ चालली. म्हणजे माझी सरळ होती ती त्यांना कधी दिसलीच नसेल. इतकी वर्षं मी ती कुणासाठी काढत होतो? बायकोला सांगितलं नाही हे. तिला कळलंय बहुतेक. आणि मास्तरांनी मला वाचवायला अख्खं काळं कुत्रं..."

"अरे वा," डॉक्टर म्हणाले. "छान."

उजव्या अंगठ्यात काहीतरी गरम उतरत होतं. सुई कधी गेली, त्याला कळलंच नव्हतं.

हसू पोटातून वर निघालं. छातीपर्यंत आलं. त्याने ते तिथेच धरून ठेवलं. हसलं की मान हलते.