बारा मोजमापांचे सूत्र आणि खोडलेले नाव

गेल्या सोमवारी, सतरा तारखेला, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी शिरगुप्पे सरांनी माझ्यावर अन्याय केला. त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी त्यांच्या सूत्रावर लिहिलेला मजकूर मी हेब्बाळला त्यांच्या घरी दाखवायला नेला होता. माझ्यासमोर त्यांनी त्यातले स्वतःचे नाव खोडले आणि माझे घातले.

"सर, हे काय?"

"दुरुस्ती, अक्का. राबलात तुम्ही."

पंचाहत्तरीच्या माणसाशी भांडू नये, असे माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी मला नक्कीच शिकवले असणार. उपयोग झाला नाही.

सरांची पहिली भेट माझ्या चुकीमुळे झाली. संख्याशास्त्र विभागात मी नवी होते. एका कारखान्याने बारा दांड्यांची मोजमापे पाठवली होती. ती प्रसामान्य (सरासरीच्या दोन्ही बाजूंना सारखी विखुरलेली) मानावीत का, हे त्यांच्या विषमतेवरून, म्हणजे एका बाजूच्या झुकावावरून, पाहायचे होते. मोठ्या नमुन्यांचे सूत्र लावून मी 'झुकाव नगण्य' असा शेरा पाठवून दिला.

सर म्हणाले, "बाई, हजारांचं माप बाराजणांना ढगळ होतं. ढगळ अंगरख्यात पोक दिसत नाही."

मग स्वतः बसने कारखान्यात जाऊन "चूक विभागाची आहे" असे सांगून आले. माझे नाव त्यांनी काढले नाही.

त्या दांड्यांपायीच सर लहान नमुन्यांच्या मागे लागले. त्यांच्यातल्या विषमतेचे वितरण जवळपास अचूक सांगणारे सूत्र त्यांनी एकट्याने बसवले. मी असंख्य नमुने काढून ते पडताळले. विभागाची रीत कडक होती: तपासणाऱ्याने मूळ उत्तर पाहायचे नाही. त्यामुळे माझी आई आजारी पडली, तेव्हा माझे काम सरांना करता येईना. दुसरा माणूस सहज मिळाला असता. सरांनी कामच दोन महिने थांबवले. "आकडे कुठं पळत नाहीत, अक्का," म्हणाले, आणि दर रविवारी इडल्या घेऊन दवाखान्यात आले.

त्या सूत्रावरून काढलेल्या कोष्टकांखाली माझी सही आहे, ती 'तपासले' या शब्दापुढे. मला तिचा अभिमान आहे आणि तेवढीच मला पुरते. चुकीच्या वेळी ज्यांनी माझे नाव झाकले, त्यांनी श्रेयाच्या वेळी ते पुढे करावे, हे मी चालू देणार नाही.

सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. मला त्यांच्याशी अजून पुष्कळ भांडायचे आहे. हा लेख छपाईपूर्वी त्यांच्या हाती जाईलच. सूत्र स्वतःचे असल्याचे त्यांनी येत्या शुक्रवारी सायंकाळी पाचच्या आत लेखी कळवावे. फोनवर नुसते "सरी, अक्का", म्हणजे "बरं, अक्का", चालणार नाही. खाली सही हवी.