बाकावरचा पिवळा ठसा

जळगावच्या डाळ मिलमधला तो हमाल रोज चहाच्या टपरीवर यायचा. अंगभर डाळीची पिवळी भुकटी, म्हणून आमच्या बाकाशेजारी उकिडवा बसून मी मोठ्यानं वाचलेला पेपर ऐकायचा.

एकदा मी दक्षिण आफ्रिकेची बातमी वाचली. तिथं आता पहिल्यांदाच काळ्या-गोऱ्या सगळ्यांच्या मतांवर सरकार आलं होतं आणि कामगार मंत्रालय मालक-मजुरांना एका टेबलाशी बसवणार होतं.

तोंडाशी नेलेली बशी खाली ठेवून त्यानं विचारलं, "तठे मजूरले बी खुर्ची देतस का, भाऊ?"

"देतात," म्हणत मी बाकावर सरकलो.

त्यानं रुमालानं आधी स्वतःला झटकलं, मग अगदी कडेला टेकला. तो गेल्यावर तिथं पिवळा ठसा उरला. टपरीवाला फडकं घेऊन आला.

मी म्हटलं, "राहू दे. उद्या जागा सापडेल त्याला."